वरच्या वावराची माती

संध्या लग्न होऊन आली त्या वर्षी तिने वावरात राखणीच्या माळ्यासाठी खांब रोवायला घेतला होता. जमीन खणायची लोखंडी सब्बल एका वितीवर जाऊन वाजली. गोटा असेल म्हणून ती दोन पावलं सरकली, तिथेही तेच. मग आणखी पलीकडे. वावराच्या बांधावर, धुऱ्यावर, बसलेले तिचे सासरे भगवंतराव बराच वेळ नुसते पाहत होते. शेवटी म्हणाले, "तो गोटा नाई, पोरी. खाली सारा खडकच हाये. वरून माती नुसती गोधडीवानी पसरली हाये."

तिचं माहेर धामणगाव रेल्वेकडचं. तिथे विहीर खणताना पुरुषभर खोलीपर्यंत काळीच माती निघायची. नांदगाव पेठच्या पलीकडे, टेकड्यांच्या अंगाला असलेल्या या गावात मातीचा रंग तसाच काळा होता, चिकटपणाही तसाच, म्हणून तिला वाटलं होतं की जमीनही तशीच असेल. हळूहळू तिला या वावराचा स्वभाव कळत गेला. पाऊस लागून राहिला की तिसऱ्या दिवशी पाणी पिकाच्या ओळींमधल्या तासांमध्ये उभं राहायचं, कारण खाली जायला त्याला जागाच नव्हती. पाऊस थांबला की आठवड्यात माती विटेसारखी कडक व्हायची आणि पंधराव्या दिवशी सोयाबीन दुपारच्या वेळी माना टाकायचं. ओलं असताना तण काढायचा डवरा चालत नव्हता, वाळल्यावर तर नाहीच; मधले दोन-तीन दिवस काय ते हाताशी लागायचे. उन्हाळ्यात भेगा थेट मुरमापर्यंत जायच्या. एकदा तिचा विळा एका भेगेत पडला तो हात घालूनही निघाला नाही. आणि खालच्या अंगाला, याच वावराला लागून असलेल्या गोपालच्या वावरात, त्याच पावसावर कपाशीची पऱ्हाटी कमरेला लागायची.

ही दोन्ही वावरं पूर्वी एकच होती. भगवंतराव आणि त्यांचा धाकटा भाऊ वेगळे झाले तेव्हा एकर सारखे वाटून चिठ्ठ्या टाकल्या होत्या. वरची चिठ्ठी भगवंतरावांना आली, खालची भावाला. भाऊ आता नव्हता, त्याचा मुलगा गोपाल ते वावर पाहत होता. भगवंतरावांनी चिठ्ठीबद्दल कधी कुरकुर केली नाही. ते उन्हाळाभर गोटे वेचायचे आणि धुऱ्यावर रचायचे. पुढल्या उन्हाळ्यात नवे गोटे वर आलेले असायचे.

संध्याचा नवरा अंकुर नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कापडाच्या कारखान्यात पाळीवर जायचा. त्याचा या वावरात जीव नव्हता आणि तो तसं लपवतही नव्हता. त्यामुळे तलावातला गाळ आणायचं ठरवलं ते संध्याने. गावाबाहेरचा पाझर तलाव उन्हाळ्यात कोरडा पडायचा, सरकारतर्फे मशीन लावून त्यातला गाळ काढून द्यायचे. न्यायचा ज्याचा त्याने. घरच्या म्हशीच्या दुधावर ट्रॅक्टरचं डिझेल निघत होतं. तीन उन्हाळे तिने गाळ आणला. सकाळी सहाला ट्रॉली यायची, ती उलटली की संध्या आणि भगवंतराव फावड्याने ढेकळं फोडून पसरवायचे. चौथ्या वर्षी सब्बल हातभर खाली जाऊन वाजली. संध्याने ती तीन ठिकाणी मारून पाहिली. अंकुरला सांगितलं तर तो म्हणाला, "बरं झालं," आणि डबा घेऊन निघून गेला.

त्या वर्षी सोयाबीन आणि तूर दोन्ही चांगली उगवली. गोपालसुद्धा धुऱ्यावर उभा राहून म्हणाला होता, "वहिनी, आता तं तुमचं वावर माह्यापेक्षा झाक दिसून राह्यलं."

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सहा दिवस झड लागली. बारीक पाऊस, पण थांबेना. सातव्या दिवशी दुपारी टेकडीवर ढग बसले आणि अडीच तास पाऊस असा पडला की अंगणातून समोरचं घर दिसत नव्हतं. संध्या दारात उभी होती. भगवंतराव खाटेवर बसून बाहेर पाहत होते. ते मधेच म्हणाले, "जमिनीनं सहा दिवसांचं पाणी पेलं हाये. आता तिच्यात काई मावत नाई." दोघांनाही जे वाटत होतं त्यावर करण्यासारखं काहीच नव्हतं. नाला भरून वाहत होता, वावराकडे जाणारी पांदण पाण्याखाली होती. वावरात जाता आलं असतं तरी जाऊन काय धरून ठेवणार होते?

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर ती एकटीच गेली. पांदणीच्या वळणावरून वावर दिसायचं तिथे ती आली आणि आपण वाट चुकलो असं तिला क्षणभर वाटलं. समोर काळाकरडा खडक होता, धुतलेला, त्यावर चुनखडीचे पांढरे पट्टे. मधे मधे पिवळसर मुरूम उघडा पडला होता. वरच्या धुऱ्याजवळ दोन-चार तासांपुरती जमीन शिल्लक होती. तिच्या कडेला तुरीची रोपं मुळांवर लोंबत होती. बाकी सगळं गेलं होतं. आणलेला गाळही गेला होता आणि त्याच्याखालची ती जुनी वीतभर मातीही. पाणी माती आणि खडकाच्या मधून शिरलं होतं आणि सगळा थर खालून सुटून उतारावरून घसरला होता. धुऱ्यावर रचलेले गोटेही जागेवर नव्हते.

खालच्या वावरात गोपाल गुडघाभर चिखलात उभा होता. त्याच्याभोवती, एका धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत, गुळगुळीत काळी साय पसरली होती. तिच्यातून कुठे कुठे पऱ्हाटीचे शेंडे वर आले होते.

"वहिनी," तो म्हणाला, "तुमचं वावर माह्या वावरात येऊन पडलं."

ती खडकावरून दोन पावलं खाली आली.

"माही पऱ्हाटी पाहा. पुढच्या महिन्यात फुलावर आली असती."

"पाहून राह्यली, भाऊजी."

दोघं तसेच उभे होते, ती वर, तो खाली. दोघांचंही गेलं होतं, पण गोपालच्या पायाखाली काहीतरी होतं.

पंचनाम्याला तलाठी मॅडम आणि कृषी सहायक आले. मॅडम नवीन होत्या, बुटांना माती चिकटून त्यांना पाऊल उचलवत नव्हतं, तरी त्या दोन्ही वावरं फिरल्या. फोटो काढले. संध्याच्या नावापुढे त्यांनी 'जमीन खरडून गेली' लिहिलं आणि गोपालच्या नावापुढे 'गाळ साचला'.

"याचं काय होते?" संध्याने विचारलं.

"तुमचं वेगळ्या रकान्यात जातं, त्यांचं वेगळ्या. त्यांना गाळ काढून टाकण्यासाठी मदत मिळू शकते."

"काढून कुठी टाकायचा?"

मॅडमनी कृषी सहायकाकडे पाहिलं. तो म्हणाला, "बाहेर. नाल्यात नाही टाकायचा, एवढंच."

"तो मले द्या ना. तो माहाच हाये."

मॅडमनी हातातला फॉर्म उलटून पाहिला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, तो कोणाचा, हे लिहायला यात जागा नाही. ते तुम्ही आपसात पाहा."

आपसात पाहायला अवघड नव्हतं. गोपाल वाईट माणूस नव्हता. त्याच संध्याकाळी तो घरी आला आणि भगवंतरावांसमोर बसून म्हणाला, "मोठेबाबा, माती घेऊन जा. मले काय करायची? पण दसऱ्याच्या आत न्या. पऱ्हाटी तं गेली, आता हरभरा तरी पेरतो. त्याच्यापुढं मले थांबता येत नाई."

"नेतो," भगवंतराव म्हणाले.

पण ऑगस्ट सगळा ओला गेला. चिखल कापला तर फावड्याला चिकटून यायचा आणि फावड्यावरून सुटायचा नाही. बोटांनी खरवडून काढावा लागायचा. ट्रॅक्टरवाल्याने एकदा येऊन पाहिलं आणि धुऱ्यावरूनच परत फिरला. भगवंतरावांनी मात्र ऐकलं नाही. चौऱ्याहत्तरीचा माणूस, रोज सकाळी घमेलं घेऊन जायचा आणि खालून वर, त्या धुतलेल्या खडकावरून, अर्धं अर्धं घमेलं चढवायचा. वरच्या धुऱ्याजवळच्या शिल्लक मातीच्या कडेला नेऊन ओतायचा. दुपारपर्यंत आठ-दहा खेपा व्हायच्या. पाऊस आला की त्यातलं निम्मं पुन्हा खाली यायचं.

अंकुरने एकदा हे पाहिलं आणि तो बापावर चिडला. "बाबा, काहून जीव काढून राह्यले? घमेल्यानं वावर भरते का?"

"मंग कायनं भरते?"

"नाईच भरत ना. तेच सांगून राह्यलो."

भगवंतराव घमेलं खाली ठेवून खडकावर बसले. संध्याला नवऱ्याचा राग आला. पण तो चूक बोलत होता असंही तिला म्हणता आलं नाही.

सप्टेंबर संपता संपता उघाड पडली. दसरा जवळ आला होता. वरून वाळलेली आणि आत अजून ओली अशी ती माती कापण्याजोगी झाली, तेव्हा संध्याने ट्रॅक्टर ठरवला, चार बाया लावल्या आणि काम सुरू केलं. पहिल्याच दिवशी भरलेली ट्रॉली गोपालच्या वावरात रुतली. चाकं फिरून फिरून हातभर खोल खड्डा झाला, दुसरा ट्रॅक्टर आणून ती ओढावी लागली. गोपाल त्या खड्ड्याभोवती एक चक्कर मारून आला.

तीन दिवस काम चाललं. वावराच्या खालच्या अर्ध्या भागात सोपं होतं. वीत-दीड वीत कापलं की आडवी झालेली, कुजून काळी पडलेली पऱ्हाटी लागायची. पऱ्हाटी लागली की थांबायचं. तिच्यावरची माती संध्याची, खालची गोपालची. कोणाला विचारावं लागत नव्हतं.

चौथ्या दिवशी ते धुऱ्याजवळच्या पट्ट्यात आले. माती सगळ्यात जाड इथेच साचली होती. बाया कापत गेल्या. एक वीत गेली, दुसरी गेली. गोपाल येऊन उभा राहिला. त्याची बायको वर्षाली त्याच्यामागे होती.

"वहिनी, थांबा," तो म्हणाला. "आता माही निंघून राह्यली."

"नाई भाऊजी. पऱ्हाटी कुठी लागली अजून?"

"इथं कुठून लागन? इथली तं पुरानं उपटून नेली. नाल्यात जाऊन पडली होती, तुमीच पाह्यली."

"मंग तुमाले कसं समजलं का तुमची निंघून राह्यली?"

"माहं वावर हाये, मले नाई समजणार?"

संध्या खड्ड्यात उतरली. कडेला बसून तिने मातीची भिंत हाताने साफ केली. वरपासून खालपर्यंत एकच काळा रंग. तिच्या मातीत मुरमाचे कण असायचे म्हणून ती ते शोधू लागली. वर होते, मधे होते, खालीही थोडे दिसत होते. तलावाच्या गाळात शिंपल्याचे तुकडे असायचे, तेही एक-दोन दिसले, पण कापताना वरून पडले की काय, सांगता येईना.

"हे पाहा शिंपला," ती म्हणाली.

वर्षाली म्हणाली, "आमच्याही वावरात निंघतात, ताई."

"कवा निंघाले?"

"निंघतात."

"वहिनी," गोपालचा आवाज आता चढला होता, "म्या रस्ता देला, ट्रॅक्टर घालू देला, चाकानं वावर फोडलं तरी बोललो नाई. आता माह्या बुडाखालची माती नेसान का?"

बायांनी फावडी थांबवली होती. संध्याच्या तोंडात काय काय आलं. चिठ्ठ्यांपासून सगळं. तिने भगवंतरावांकडे पाहिलं. ते आतापर्यंत धुऱ्यावर उकिडवे बसले होते. ते उठले, खड्ड्यात उतरले, भिंतीच्या तळातून चिमूटभर माती घेतली. थुंकी लावून तळहातावर मळली. तिची वात केली, ती वाकवून पाहिली. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. या गावात मातीवरून वावर ओळखणारे म्हणून त्यांचं नाव होतं.

"ही गोपालची हाये," ते म्हणाले. "थांबवा."

"मामाजी, नीट पाहा..."

"पाह्यली. थांबवा काम."

ट्रॅक्टर गेला. बाया फावडी धुऊन गेल्या. गोपाल खाली मान घालून उभा होता. जिंकल्यासारखा तोही दिसत नव्हता. परत येताना पांदणीत संध्या सासऱ्यांच्या मागून चालत होती. पांदणीचं वळण मागे पडलं. मग तिने विचारलं, "खरंच त्यांची होती?"

भगवंतराव थांबले. "मले नाई समजलं," ते म्हणाले.

"मंग तुमी..."

"काय समजणार हाये, पोरी? वरची माती खालीच जाते. माह्या आज्याच्या अगोदरपासून जाऊन राह्यली. गोपालचं वावर भारी कशानं झालं? आपल्याच वावरानं. ते आपली अन् ते त्याची, हे कुठी रेघ मारून दाखवू मी?"

संध्याला रडू आलं नाही. तिला एवढंच वाटलं की त्यांनी हे तिथे, खड्ड्यात, सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं. पण तिथे म्हटलं असतं तरी काय झालं असतं, हेही तिला कळेना.

आणलेली माती वरच्या वावराच्या तिसऱ्या हिश्श्यावर पसरली, वीतभरापेक्षा कमीच. तिला धरून ठेवायला मुळं हवी होती, म्हणून संध्याने घाईने ज्वारी फेकली. ती उगवलीही. चार बोटं वर आली आणि परतीचा पाऊस आला. मोठा नव्हता. गावात कोणी त्याची दखलही घेतली नाही, पारावरची माणसं उठून आतसुद्धा गेली नाहीत. पण सुटी, नुकती पसरलेली माती तेवढ्यातही टिकली नाही. संध्या या वेळी वावरातच होती. ती भिजत उभी राहिली आणि तिच्या पायांजवळून काळं पाणी खडकावरून खाली जाताना पाहत राहिली. एका ठिकाणी तिने वाकून गोटे लावायचा प्रयत्न केला. पाणी त्यांच्या दोन्ही बाजूंनी गेलं. खाली गोपालने हरभरा पेरून दहा दिवस झाले होते.

दिवाळीनंतर अंकुरने तिच्यासाठी एमआयडीसीत शिलाईच्या युनिटमध्ये शब्द टाकला. ती नाही म्हणाली नाही. सकाळी आठच्या बसने जायचं, संध्याकाळी साडेसहाला परत. पँटच्या खिशाच्या शिवणी तिच्या वाट्याला आल्या. पहिले काही दिवस सुपरवायझर बाई तिच्या मशीनशी येऊन उभी राहायची, मग येईनाशी झाली. काम जमलं. जेवणाच्या सुट्टीत इतर बाया आपापल्या गावचं बोलायच्या. कोणी वावराचं विचारलं तर संध्या "हाये थोडं" म्हणायची.

मुरूम विकत घेणारा एक जण त्याच दरम्यान घरी येऊन गेला. रस्त्याच्या कामाला मुरूम लागत होता, संध्याच्या वावरात तो उघडाच पडला होता, वरची माती काढायचाही त्रास नव्हता. अंकुरला पटलं होतं. भगवंतराव हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. त्या माणसाने आपला नंबर देऊन ठेवला. तो कागद भिंतीतल्या देवळीत पडून होता. कोणी फोन केला नाही आणि कोणी फाडलाही नाही.

भगवंतराव आता वावरात जात नव्हते. गुडघे धरले होते. अंगणातल्या खाटेवर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला पाऊसपाण्याचं विचारायचे आणि उत्तर ऐकायच्या आधीच मान हलवायचे.

गोपालचा हरभरा त्या वर्षी असा आला की पांदणीवरून जाणारे थांबून पाहायचे. धुऱ्याजवळच्या पट्ट्यात तर झाडं एकमेकांत शिरली होती. संध्याला बसमधून तो दिसायचा नाही, पण लोक सांगायचे. मार्चमध्ये, एका रविवारी, ती अंगणात कपडे वाळत घालत होती तेव्हा गोपाल खांद्यावर पोतं घेऊन आला. त्याने ते ओसरीत उतरवलं आणि घाम पुसला.

"काय हाये, भाऊजी?"

"हरभरा."

"कशाचा?"

गोपालने भगवंतरावांकडे पाहिलं. ते दुसरीकडे पाहत होते. "असाच," तो म्हणाला. "ठेवा, वहिनी. वर्षाली म्हणे, देऊन या."

तिला ते घ्यावंसं वाटत नव्हतं. परत न्या म्हणावं, असंही वाटत नव्हतं. त्या माणसाने चांगल्या मनाने आणलं होतं आणि त्याच्याजवळ दुसरं देण्यासारखं काही नव्हतं. माती तर तोही आता देऊ शकला नसता. तिने चहाला विचारलं. तो म्हणाला, नको, मळणीवर माणसं लागली आहेत. आणि तो गेला.

पोतं दुपारपर्यंत ओसरीत तसंच होतं. कोंबड्या येऊन त्याच्या शिवणीला चोची मारू लागल्या, तेव्हा भगवंतराव म्हणाले, "आत घे वं, सांडवतीन."

संध्याने पोत्याची दोन टोकं धरली. एकटीला ते उचलेना. तिने अंकुरला हाक मारली, आणि दोघांनी मिळून ते आत नेलं.